डिलाईल रोडवर मतदार ओळखण्याची सोपी पद्धत

निवडणूक जवळ आली की हातात टॅब आणि गळ्यात ओळखपत्र घालून काही मुलंमुली लोअर परळ स्टेशनच्या पायऱ्या उतरतात. एका दुपारी ठरलेली घरं उरकायची आणि प्रत्येक घरापुढे एक गोल भरायचा: हा मतदार कुठल्या पक्षाचा? ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी आहे. अनुभवी मंडळींनी ती वाचायची गरज नाही. दुपारी दोन ते चार इथे कुणाचं दार वाजवायचं नसतं, एवढं त्यांना आधीच कळलेलं असतं.

पत्त्यापासून सुरुवात करू. टॅबवरच्या नकाशात ना. म. जोशी मार्ग दिसेल. तो नकाशापुरता ठेवा आणि माणसांना डिलाईल रोडच विचारा, नाहीतर कुणीतरी तुम्हाला थेट पोलीस ठाण्यात पोचवील, कारण जोशींचं नाव रोज घेतलं जातं ते तिथेच. तरी नारायण मल्हार जोशी कोण ते माहीत असू द्या. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. १९२० साली आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. पुढे १९२९ च्या नागपूर अधिवेशनात डाव्यांशी पटेना म्हणून हेच जोशी आयटकमधून बाहेर पडले, त्यांनी वेगळं फेडरेशन काढलं, आणि दहाएक वर्षांनी दोन्ही घरं पुन्हा एक झाली. तर ज्या रस्त्यावर तुम्ही लोकांना "आधीचा पक्ष का सोडलात?" असं विचारणार, त्या रस्त्याच्या पाटीवरच फुटून परत जुळलेला माणूस आहे. प्रश्न विचारताना आवाज जरा खाली ठेवा.

तुमचा प्रश्न कुठला, ते आधी समजून घ्या

टॅबमधला पहिला प्रश्न अमेरिकी बनावटीचा आहे. तिथे १९३५ पासून गॅलप ही संस्था लोकमत मोजते. ती विचारते, आजच्या घडीला तुम्ही स्वतःला रिपब्लिकन समजता, डेमोक्रॅट समजता, की अपक्ष? अपक्ष म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: बरं, पण कल कुणाकडे? १९६० साली मिशिगन विद्यापीठातल्या चौघांनी 'द अमेरिकन व्होटर' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. पक्षाची ओढ बहुतेकांना आईबापांकडून मिळते, ती लवकर रुजते आणि उमेदवार आले-गेले तरी सहसा हलत नाही, असं त्यात मांडलं आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत तर मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्षही लिहून घेतात, सरकारी कागदावर. डोनाल्ड ट्रम्प एके काळी काही वर्षं डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले होते, हे त्या कागदांवरूनच दाखवता येतं.

आता मात्र गॅलपच्याच पाहणीत स्वतःला अपक्ष म्हणवणारे चाळीस टक्क्यांच्या वर गेले आहेत. दोन्ही मोठे पक्ष त्यांच्या मागे पडले. हे लोक गेले कुठे, येणार कुठे, यावर तिथले पंडित डोकं धरून बसले आहेत.

त्यांना बसू द्या. तोच प्रश्न डिलाईल रोडवर जसाच्या तसा टाकून बघा.

"काका, तुम्ही स्वतःला कुठल्या पक्षाचे समजता?"

"कशासाठी?"

नवशिक्याला वाटतं, काकांना संशय आला. काका नुसता खुलासा मागताहेत. पाण्यासाठी, पगारासाठी, गणपतीसाठी, गावच्या रस्त्यासाठी, की दिल्लीसाठी? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि सगळी उत्तरं एकाच वेळी खरी आहेत. टॅबमध्ये गोल एकच आहे, ही अडचण टॅबची. काकांना ती कधीच आलेली नाही.

काय बघून फसू नये

गॅलरीतला झेंडा बघून फसू नये. तो मंडळाचा असतो, खोलीचा नसतो. मंडळाच्या खजिनदारानं कुणाकडून किती आणले, एवढंच त्या झेंड्यावरून कळतं.

भिंतीवरचं कॅलेंडर बघूनही फसू नये. डिसेंबर संपेपर्यंत प्रत्येक घरात चार-पाच पक्षांची कॅलेंडरं येऊन पडतात, प्रत्येकावर इच्छुक उमेदवार हात जोडून उभा. त्यातलं ज्याच्या चौकटीत दुधाचे खाडे लिहायला जास्त जागा, ते खिळ्याला लागतं. बाकीची फडताळात अंथरायला जातात. एखाद्या घरात अमुक नेता वर्षभर भिंतीवर दिसला म्हणून हुरळून जाऊ नका.

दिवाळीच्या उटण्याच्या पुडीवर, पणत्यांच्या खोक्यावर, मुलांच्या वह्यांच्या वेष्टनावर जो फोटो असेल, त्यालाही हाच न्याय लावा. उटणं अंगाला लावायचं असतं. पुडी केराच्या डब्यात जाते, आणि फोटोवर पाय पडू नये एवढी काळजी इथली माणसं सगळ्याच पक्षांच्या बाबतीत घेतात.

गणपतीच्या गाड्या हा प्रकार अवघड आहे, पण शिकायलाच हवा. कोकणातल्या चाकरमान्यांसाठी दर वर्षी पक्षांकडून फुकट बस सुटतात. २०२१ पासून दादरहून सावंतवाडीकडे 'मोदी एक्स्प्रेस' नावाची आगगाडीही सुटू लागली. एखादं कुटुंब एका पक्षाच्या बसनं गावी गेलं आणि दुसऱ्याच्या गाडीनं परत आलं, तर त्याला पक्षांतर लिहू नका. त्यांनी गौरी-गणपतीचं विसर्जन वेळेवर केलं आणि शाळा सुरू व्हायच्या आत मुलांना मुंबईत आणलं. घाटावरच्यांची, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्यांची मात्र तक्रार खरी आहे. त्यांच्या गावच्या जत्रेला अशी गाडी क्वचितच सुटते. डिलाईल रोडवर घाटी माणूस पूर्वीपासून भरपूर, पण त्याचा गणपती इथेच असल्यामुळे हिशेबात तो मागे पडला.

अभ्यासासाठी एक खोली

समजा, बीडीडी चाळीतली एक खोली आहे. क्षेत्रफळ १६० चौरस फूट. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे. डिलाईल रोडला ३२ चाळी होत्या आणि एकेका चाळीत ८० खोल्या. आपल्या खोलीतलं कुटुंब काल्पनिक आहे. निकाल खरे आहेत.

आजोबा गिरणीत. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन निघाली, आजोबा तिचे. पण कायदा वेगळंच म्हणत होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकाच संघटनेला बोलणी करायचा हक्क दिला आणि कापडगिरण्यांत तो काँग्रेसच्या वळणाच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. मालकाशी बोलायला एक संघटना आणि भांडायला दुसरी. अशी सोय झाल्यावर आजोबांनी कुणाला सोडायचं आणि का?

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कॉम्रेड डांगे मध्य मुंबईतून लोकसभेत गेले. आजोबांनी त्यांना मत दिलं ते कम्युनिस्ट म्हणून की मराठी म्हणून, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही आणि विचारला असता तर त्यांनी पानाला चुना लावत ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं. १९६२ ला तेच डांगे पडले, १९६७ ला परत आले. एव्हाना १९ जून १९६६ ला शिवसेना निघाली होती आणि खोलीतले वडील तेव्हा विशीत होते. पाळी संपली की ते शाखेत जात. डांगे निवडून आले त्याच वर्षाच्या डिसेंबरात शिवसैनिकांनी परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला केला. एकाच खोलीत दोन्ही बाजू, आणि अंथरुणं टाकायला जागा तेवढीच.

५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या, समोर शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक जिंकले आणि सेनेला पहिला आमदार मिळाला. फरक होता १,६७९ मतांचा. हा आकडा पाठ करून ठेवा. "गिरणगाव भगवं झालं" असं त्या दिवसापासून लिहीत आलेले लोक उरलेलं जवळपास निम्मं परळ कुठे ठेवतात, हे मला अजून समजलेलं नाही. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक झाली तेव्हा सेनेनं काँग्रेसच्या रामराव आदिकांना पाठिंबा दिला. निवडून आल्या कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, डांग्यांच्या कन्या. दलित पँथरनं त्या निवडणुकीवर बहिष्कार पुकारला होता. त्याच महिन्यात वरळीच्या चाळींत दंगल पेटली. त्या आठवणीवर अजून कुणी विनोद करत नाही, तुम्हीही तिथे प्रश्न विचारू नका.

ज्या काँग्रेसच्या नावानं वडिलांनी घोषणा दिल्या असतील, तिलाच सेना आतून मदत करते म्हणून लोक सेनेला 'वसंतसेना' म्हणत, तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यावरून. आणीबाणीलाही सेनेचा पाठिंबा होता. वडील मात्र शाखेत जातच राहिले. शाखा म्हणजे त्यांच्या लेखी रेशनकार्ड, केईएमची खाट, शाळेतला प्रवेश आणि सासू-सुनेचा तंटा. तिला राष्ट्रीय धोरण असतं हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं.

मग १८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. त्या वर्षीचा वडिलांचा फॉर्म भरून बघा. कायद्यानं त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघ. संपात नेता डॉक्टर सामंत. नळाची तक्रार शाखेत. आणि आजोबांचा शब्द म्हणून मे दिनाला लाल बावट्याच्या मोर्च्यात चार पावलं. चार रकाने, चारही खरे. नेतेही काही मागे नव्हते. त्याच वर्षीच्या दसरा मेळाव्यात शिवाजी पार्कला बाळासाहेबांच्या व्यासपीठावर शरद पवार आणि जॉर्ज फर्नांडिस बसले होते. पुढे १९८४ मध्ये सेनेच्या अधिवेशनाला खुद्द डांगे पाहुणे म्हणून आले. आजोबा तेव्हा हयात असते तर त्यांनी काय केलं असतं, याचा विचार मी टाळतो.

डिसेंबर १९८४ ची लोकसभा निवडणूक. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट. मनोहर जोशी आणि वामनराव महाडिक हे सेनेचे दोन बिनीचे नेते भाजपच्या कमळावर उभे राहिले आणि पडले. दक्षिण-मध्य मुंबईतून त्या लाटेत अपक्ष म्हणून निवडून आले दत्ता सामंत. आणि काही महिन्यांनी, १९८५ मध्ये, महापालिकेत सेनेची सत्ता आली, छगन भुजबळ महापौर झाले. गिरणगावानं दिल्लीला सामंत पाठवले आणि नळाला सेना ठेवली. पंडितांना यात उलथापालथ दिसली. खोलीत कुणी काहीच बदललं नव्हतं. ज्या कामाला जो माणूस, त्याला ते काम दिलं होतं.

पुढची दोन दशकं पटकन उरकू. १९८९ ला वामनराव महाडिक सेनेच्या तिकिटावर लोकसभेत गेले. १९९१ पासून मोहन रावले सलग पाच वेळा. २००४ ला शेजारच्या चिंचपोकळीनं अखिल भारतीय सेनेच्या अरुण गवळीला आमदार केलं, त्याची कारणं ज्यानं त्यानं आपापल्या घरात सांगावीत. ९ मार्च २००६ ला राज ठाकऱ्यांची मनसे निघाली आणि आपल्या खोलीतला धाकटा मुलगा तिकडे गेला, थोरला इकडेच राहिला. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ मध्ये दक्षिण मुंबईत मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे आले, सेनेचे रावले तिसरे. निवडून आले काँग्रेसचे मिलिंद देवरा. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

आकडे वाचण्याचा सराव

डिलाईल रोड आता वरळी विधानसभेत येतो. २०१४ मध्ये इथून शिवसेनेचे सुनील शिंदे जिंकले, राष्ट्रवादीचे सचिन अहिर हरले. २०१९ मध्ये अहिर सेनेत आले. शिंद्यांनी जागा सोडली आणि तिथून आदित्य ठाकरे उभे राहिले. मग शिंदे २०२१ ला विधान परिषदेवर गेले आणि अहिर २०२२ ला. जिंकलेला आणि हरलेला दोघेही एकाच पक्षाचे आमदार झाले, मत मात्र मतदारानं रांगेत उभं राहून दिलं होतं.

२०१९ ला आदित्य ठाकऱ्यांचं मताधिक्य ६७,४२७. २०२४ ला ८,८०१. नवशिक्या लगेच लिहितो: "वरळीत जनमताचा कल प्रचंड बदलला." थांबा. २०१९ ला भाजप सोबत होता आणि मनसेच्या राज ठाकऱ्यांनी पुतण्यासाठी उमेदवारच दिला नव्हता. २०२४ ला भाजप समोर होता. त्या बाजूनं धनुष्यबाण घेऊन उभे होते मिलिंद देवरा, जे त्याच वर्षीच्या जानेवारीत काँग्रेस सोडून एकनाथ शिंद्यांच्या शिवसेनेत आले होते. शिवाय मनसेचे संदीप देशपांडे होते, त्यांनी १९ हजारांवर मतं घेतली. आदित्य ठाकऱ्यांची मतं ८९,२४८ वरून ६३,३२४ झाली हे खरं. पण त्या पहिल्या आकड्यात मित्रपक्षाची किती, मनसेनं न दिलेल्या उमेदवाराची किती आणि त्यांची स्वतःची किती, हे कोण वेगळं करणार? सहा महिन्यांपूर्वीच्या लोकसभेतही त्यांच्या पक्षाच्या अरविंद सावंतांना वरळीतून सात हजारांच्या आतच आघाडी होती. फरक मतदारानं केला की जागावाटपाच्या बैठकीनं केला, हे विचारल्याशिवाय 'कल' हा शब्द लिहू नये.

रोनाल्ड रेगन तरुणपणी डेमोक्रॅट होते आणि १९६२ मध्ये रिपब्लिकन झाले. ते सांगत, मी पक्ष सोडला नाही, पक्षच मला सोडून गेला. अमेरिकेत हे वाक्य गाजलं. डिलाईल रोडवर ते रोज सकाळी दुधाच्या रांगेत ऐकू येतं आणि कुणी मान वर करूनही बघत नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा खोलीतला थोरला रात्री झोपला तो शिवसैनिक म्हणून आणि सकाळी उठला तोही शिवसैनिक म्हणून. मधल्या काळात टीव्हीवर त्याला दोनांपैकी एक निवडायला सांगण्यात आलं. ऑक्टोबरात धनुष्यबाण गोठला, एका बाजूला मशाल मिळाली, दुसरीला ढाल-तलवार, आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंद्यांच्या पक्षाला दिलं. त्यामुळे एखाद्या मावशी "आमचा धनुष्यबाण" म्हणाल्या तर गोल भरायची घाई नको. १९८९ चा की २०२३ नंतरचा, ते विचारा. मशाल म्हणाल्या तरी विचारा. १९८५ ला माझगावात भुजबळ मशालीवरच आमदार झाले होते आणि कुणाच्या डोक्यात कुठली मशाल पेटली आहे ते सांगता येत नाही.

५ जुलै २०२५ ला वरळीच्या डोममध्ये राज आणि उद्धव ठाकरे एका व्यासपीठावर आले, डिसेंबरात युतीही जाहीर झाली. आपल्या खोलीत थोरला आणि धाकटा एकोणीस वर्षं निवडणुकीच्या दिवशी वेगवेगळ्या वेळी मतदानाला जात होते. आता एकत्र जावं लागणार, त्यामुळे आंघोळीचा नंबर कुणाचा आधी, हा नवा वाद सुरू झाला आहे.

पुलाची परीक्षा

लोकमत पक्षावर नाही तर कामावर कसं बसतं, याचं प्रात्यक्षिक हवं असेल तर डिलाईल पुलावर उभे राहा. अंधेरीचा गोखले पूल २०१८ च्या जुलैत कोसळला, त्यानंतर हा पूल धोकादायक ठरवून त्याच महिन्यात बंद केला. पाच वर्षं लोक फेऱ्या मारत राहिले. रुग्णवाहिका, शाळेच्या बस, कमला मिलच्या कचेऱ्यांत जाणारे, सगळेच. १६ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री आदित्य ठाकरे, सुनील शिंदे आणि सचिन अहिर यांनी उद्घाटनाची वाट न पाहता पुलाची एक बाजू खुली केली. पालिकेनं ना. म. जोशी मार्ग पोलीस ठाण्यात तक्रार दिली, गुन्हा नोंदला गेला आणि आठवडाभरात तीच बाजू अधिकृतपणे खुली झाली. तुम्ही तेव्हा तिथे टॅब घेऊन असता तर गाडीत बसलेल्या प्रत्येकाचं उत्तर एकच मिळालं असतं. तो कुठल्या पक्षाचा, हे त्याला पलीकडे पोचल्यावर आठवलं असतं.

प्रश्न कसा विचारावा

"तुम्ही कुणाला मत देणार?" हा प्रश्न कधीही विचारू नये. उत्तर मिळेल, आणि ते तुमच्या टी-शर्टचा रंग बघून दिलेलं असेल. "यंदा हवा कशी आहे?" असं विचारा. मग काका स्वतःविषयी काही बोलणार नाहीत, पण "आमचं काय, आम्ही आहोत तिथेच आहोत, ते तिसऱ्या मजल्यावरचे बघा" असं म्हणतील. तिसऱ्या मजल्याचं लिहून घ्या. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन पहिल्या मजल्याची हवा विचारा. अशा रीतीनं एकाही माणसाला स्वतःचं मत सांगायला न लावता अख्ख्या चाळीचा अंदाज येतो. शेजाऱ्याची हवा विचारणारा प्रश्न हल्ली मोठमोठ्या पाहणी संस्थाही घालतात. चाळीला तो शोध लागून शंभर वर्षं झाली.

मालवणी घर असेल तर "आधी चाय घे, मगे इचार" असं म्हणतील. चहा नाकारू नका आणि चहा दिला म्हणून तुमच्या संस्थेवर खूष आहेत असंही समजू नका. बौद्ध कुटुंबात गेलात तर "रिपब्लिकन" एवढंच लिहून सुटका होत नाही, कुठला गट ते विचारावं लागतं, आणि विचारल्यावर पाऊण तास बसावं लागतं. तो पाऊण तास तुमच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त शिकवील. बायकांशी बोलताना लाडक्या बहिणीचा विषय निघतोच. महिन्याच्या दीड हजारांवरून थेट मतावर उडी मारू नका.

"ताई, पैसे आले का?"

"आले की."

"मग मत त्यांनाच?"

"पैसे सरकारचे. मत माझं. अजून काय विचारायचंय?"

इथे "नाही" म्हणून दरवाजातून निघा.

श्रमिक जिमखान्यावर कबड्डीचे सामने असतील तर संध्याकाळ तिथे काढा. चार पक्षांचे पाहुणे एका रांगेत खुर्च्यांवर सापडतील आणि टाळ्या कुणाच्या नावाला किती वेळ टिकतात ते फुकट मोजता येईल. हाच सराव नाक्यावरच्या शुभेच्छा फलकांवर करता येतो. सगळ्यात मोठा फोटो कुणाचा ते बघू नका, सगळे तेच बघतात. खाली "शुभेच्छुक" लिहिलेल्या ओळीत शेवटून दुसरा कोण आहे ते बघा. गेल्या वर्षी तो पहिला होता की नव्हताच, यावरून पुढच्या निवडणुकीचा बराच अंदाज बांधता येतो. बाळासाहेबांचा फोटो दोन्ही बाजूंच्या फलकांवर असतो, म्हणून तो मोजणीतून वगळावा.

निकालानंतर फॉर्म २० बघायला विसरू नका. निवडणूक आयोग त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते देतो. मत गुप्त असलं तरी केंद्राचा आकडा गुप्त नसतो, आणि कुठल्या केंद्रावर कुठल्या चाळी येतात हे गटप्रमुखाला तोंडपाठ असतं. त्याच्या वहीत शाईनं काही नावांपुढे प्रश्नचिन्हं असतात. तुमची सगळी पाहणी त्या वहीपुढे कच्ची. पण वही तो कुणाला दाखवत नाही, आणि मागितलीत तर तुम्हालाही एक प्रश्नचिन्ह मिळेल.

पुढच्या आवृत्तीसाठी

ही मार्गदर्शिका फार काळ चालायची नाही. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं. वरळीत २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. डिलाईल रोडवरही टॉवर उभे राहताहेत. मधल्या काळात कुटुंबं संक्रमण शिबिरांत किंवा भाड्याच्या घरांत विखुरली, पण मतदार यादीत पत्ता अजून जुन्याच खोलीचा. मतदानाच्या दिवशी ही माणसं कुठून कुठून आपल्या जुन्या केंद्रावर येतात, शाळेच्या पटांगणात चार शेजारी भेटतात, आणि आपल्या चाळीचा जिना पाडला की अजून आहे ते बघून जातात. याद्या तपासताना ही नावं "स्थलांतरित" म्हणून खोडू नका, भांडण होईल.

टॉवर तयार झाले की दार वाजवायची सोय राहणार नाही. खाली सुरक्षारक्षक असेल, त्याच्यापुढे वही असेल, वहीत नाव, वेळ, काम आणि मोबाईल नंबर. तुम्ही "सर्व्हे" लिहाल. तो इंटरकॉमवर बाविसाव्या मजल्यावर विचारील, सर्व्हेवाला आलाय, पाठवू का? वरून मावशींचा आवाज येईल, "कुठल्या पक्षाचा ते विचार आधी." तेवढं उत्तर तयार ठेवा. "कुठल्याच नाही" चालत नाही, ते आधीच्या तिघांनीही सांगितलेलं असतं.